बाठा लावला, हापूस कुठाय?

कृषी पदविकेला 'लैंगिक आणि अलैंगिक प्रजनन' हा धडा मी पाठ करून पास झाले. तो कळला मात्र रत्नागिरीजवळच्या एका रोपवाटिकेत, नोकरीच्या पहिल्या जूनमध्ये. घरच्या हापूसचे निवडक बाठे मी पिशव्यांत लावले होते, वर्षभराने हापूसची रोपं म्हणून विकू या हिशेबाने. कलमं बांधणारे काका म्हणाले, "पोरी, यातून आंबा येईल. हापूस येईलच असं नाही."

मोहरावर माश्या कुठल्या झाडाचे पराग आणतात, कोण सांगणार! बाठ्यातल्या रोपाला निम्मी जनुकं आईची, निम्मी बापाची. आणि बाप हापूस असला तरी हापूसच्या जनुकजोड्याच मिश्र. जोडीतलं कुठलं खाली उतरेल, नेम नाही. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलच्या वाटाण्यातसुद्धा ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले दाणे मोजल्यावर ३:१ दिसलं. चार दाण्यांत एक सुरकुतलेला निघतोच, असं तोंडी परीक्षेत म्हणू नका.

कलमात जनुकांची अशी सोडत, म्हणजे लॉटरी, नसते. दहा-पंधरा दिवसांचं तांबूस पानांचं रोप, तो खुंट. शेंडा कापून उभी खाच द्यायची, मातृवृक्षाची, म्हणजे ज्याची जात हवी त्या झाडाची, तेवढ्याच जाडीची काडी पाचरीसारखी तासून बसवायची आणि पट्टीने घट्ट बांधायची. चाकू धारदार हवा, काप एकाच ओढीत. हात थरथरला की फट राहते आणि काडी सुकते. माझ्या पहिल्या शेकड्यात बऱ्याच सुकल्या. उरलेल्यांतली काही फारच जोमात वाढली, मी खूश! काकांनी बोट दाखवलं: फूट जोडाच्या खालून होती. म्हणजे खुंटाची. ती दिसताच खुडायची.

गिऱ्हाईक हमखास विचारतं, खुंट रायवळ असला तर आंबा आंबट होतो का? नाही. खुंट झाडाचा जोम बदलू शकतो, पण फळ काडीच्या जनुकांचं.

सोडत मुद्दाम खेळणारेही आहेत. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून रत्ना काढला, साका (गरात होणारा पांढुरका, स्पंजासारखा खराब भाग) नसलेला. मग रत्ना आणि हापूसपासून बारीक बाठ्याचा सिंधू. पण मनासारखं झाड सापडल्यावर पुढची रोपं तेही कलमानेच करतात.

माझे बाठे फुकट गेले नाहीत. काकांनी त्यांचेच खुंट केले.