डीपीवर हरकत घ्यायचीय? मग आधी सर्व्हे नंबर शोधा

आमच्याकडे टँकर सुरू झाले की सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी तेच होतं. कोणीतरी टँकरच्या बिलाचा फोटो टाकतं, मग पंचवीसेक रागावलेले इमोजी, मग ‘इतक्या बिल्डिंगना परवानग्या दिल्याच कशा’, मग एकजण म्हणतो मोर्चा काढू आणि रविवारी सकाळी मोर्चाला सातजण उभे असतात त्यातले दोघं दूध आणायला निघालेले. मीही त्या सातांत होते म्हणून बोलतेय. आता कळतंय की आम्ही ओरडत होतो ती वेळच चुकीची होती, कारण बिल्डिंग उभी राहताना जी परवानगी मिळते ती डीपीत म्हणजे विकास आराखड्यात आधीच काय रंगवून ठेवलंय त्यावर मिळते, आणि तो आराखडा जनतेसमोर येतो तेव्हा आपण कोणीच बघितलेला नसतो.

तर हे लिहितेय ते महाराष्ट्रात तुमच्या गावाचा किंवा शहराचा प्रारूप डीपी जाहीर झाला तर हरकत कशी घ्यायची यावर. माझी पहिली हरकत पूर्ण वाया गेली तेही सांगते म्हणजे तुमची जाणार नाही.

थोडक्यात कायदा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, सगळे एमआरटीपी म्हणतात. कलम २३ खाली आधी डीपी बनवण्याचा इरादा जाहीर होतो, मग सध्याच्या जमीन वापराचा नकाशा बनतो, मग कलम २६ खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि हरकती-सूचना मागवतात. कलम २८ खाली सुनावणी, आणि शेवटी कलम ३१ खाली शासनाची मंजुरी. कायद्याने दर २० वर्षांच्या आत हे परत व्हायला हवं. म्हणजे एकदा ही संधी हुकली की मुलगी पहिलीत असेल ती नोकरीला लागेपर्यंत थांबा. हरकतीची मुदत किती ते जाहिरातीत लिहिलेलं असतं, तीच तारीख धरा, चहाच्या टपरीवर ‘अजून वाढवून देतील’ म्हणणारा एक तरी भेटतोच, त्याच्या भरवशावर राहू नका.

पहिलं काम नकाशा. ऑफिसात भिंतीवर लावलेला असतो तो बघून डोळे फिरतात, म्हणून वेबसाइटवरून तुमच्या भागाचा भाग-नकाशा डाउनलोड करा आणि त्याबरोबरचा अहवालही घ्या, नकाशा सगळे बघतात अहवाल कोणी वाचत नाही आणि खरा मसाला अहवालात असतो. तुमचा सर्व्हे नंबर किंवा गट नंबर फ्लॅटच्या अ‍ॅग्रीमेंटमधे किंवा इंडेक्स टूवर म्हणजे खरेदीच्या नोंदणीच्या उताऱ्यावर मिळेल, आजूबाजूचे गट शोधायला महाभूनकाशा पोर्टल बरं पडतं. मग जुना मंजूर डीपी शेजारी ठेवा. हे दोन नकाशे शेजारी ठेवणं हे सगळ्यात महत्त्वाचं काम आहे, कारण नवीन नकाशात काय आहे ते दिसतं पण काय *गायब* झालंय ते जुना असल्याशिवाय दिसत नाही. आमच्याकडे एका प्राथमिक शाळेचं आरक्षण, म्हणजे शाळेसाठी राखून ठेवलेली जागा, असंच सरकून ओढ्याकाठच्या उताराच्या जागेवर गेलं होतं, कागदावर शाळा होती, जागेवर बकरीसुद्धा नीट उभी राहिली नसती.

बघायचं काय? हिरव्याचा पिवळा कुठे झाला, म्हणजे शेती झोन रहिवासी झोनमधे कुठे आला. शाळा, दवाखाना, बाग, पाण्याची टाकी, एसटीपी (सांडपाणी प्रक्रिया केंद्र) यांची आरक्षणं किती होती, किती राहिली, आणि जिथे टाकलीत तिथे आधीच इमारत उभी आहे का (हे होतं, हसू नका). ओढे-नाले नकाशावर आहेत का की मधेच संपतात. नदीकाठ असेल तर निळी आणि लाल पूररेषा, निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.

आणि रस्ते. यावर जरा थांबते कारण इथेच आपण फसतो. नकाशावर १८ मीटरचा रस्ता दिसला की लोक खूष होतात, ट्रॅफिक सुटलं म्हणून. पण डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही भाग सोडून राज्यात जी एकत्रित बांधकाम नियमावली आहे, यूडीसीपीआर, तिच्यात समोरचा रस्ता जितका रुंद तितका एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधता येईल ते प्रमाण, जास्त मिळतो. म्हणजे नकाशावर रस्ता रुंद झाला की दोन्ही बाजूच्या प्लॉटवर मजले वाढायची सोय झाली, आणि जागेवरचा रस्ता? तिथे समोरून स्कूल बस आली तर तुम्ही रिव्हर्स घेताय. म्हणून प्रत्येक रुंद रस्त्याला हे प्रश्न विचारा, जमीन ताब्यात किती आहे, मधे कोणाची घरं येतात, पुढे कुठल्या रस्त्याला जोडला जातो की कोणाच्या कंपाउंडला जाऊन थांबतो. टेप घेऊन जा आणि प्रत्यक्ष मोजा. आम्ही मोजलं, एका ठिकाणी सव्वासहा मीटर निघालं, फोटोत टेपवरचा आकडा दिसेल असा फोटो काढला आणि पुढे कामाला आला तो तोच फोटो.

आता आकडे. ‘लोकसंख्या खूप वाढली’ हे वाक्य लिहू नका, ते सगळेच लिहितात. गणित मांडा. समजा तुमच्या पट्ट्यात नवीन २००० फ्लॅट येताहेत, घरटी ४ माणसं धरली तर ८००० लोक. ड्रेनेजची सोय असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी हा केंद्राचा मान्य निकष आहे, म्हणजे रोज १० लाख ८० हजार लिटर. १० हजार लिटरचा टँकर धरला तर रोज १०८ टँकर. आणि आलेल्या पाण्याचं साधारण ८० टक्के सांडपाणी होतं, ते ८ लाख ६४ हजार लिटर कुठल्या लाइनला जाणार? साधारण ५००० लोकांमागे एक प्राथमिक शाळा धरतात, तेव्हा दोन शाळा तरी हव्यात. एवढं अर्ध्या पानात बसतं आणि समोरचा अधिकारी ते खोडू शकत नाही कारण निकष त्यांचेच आहेत.

लोकसंख्येवरून एक. शेवटची जनगणना २०११ ची. त्यानंतर जी गावं शेतातून थेट टॉवरमधे गेली, पुणे महापालिकेत २०२१ मधे आलेली २३ गावं घ्या, तिथे २०११ चा आकडा म्हणजे लहानपणीचा फोटो दाखवून पासपोर्ट मागण्यासारखं आहे. अहवालात अंदाज कशावरून काढलाय ते बघा आणि तुमच्याकडून मिळकत कराच्या नोंदी, मतदार यादी, महारेरावर (बिल्डरांचे प्रोजेक्ट जिथे नोंदवतात ते राज्याचं प्राधिकरण) नोंदलेल्या प्रोजेक्टमधले फ्लॅट असा पर्यायी आकडा द्या. महारेराच्या साइटवर प्रत्येक प्रोजेक्टचे फ्लॅट किती, विकले किती, ताबा कधी हे कोणालाही फुकट दिसतं, एक शनिवार बसलात तर तुमच्या दोन किलोमीटरातलं सगळं निघेल.

बाकीची माहिती आरटीआयने. इथे टायमिंग महत्त्वाचं आहे, उत्तराला ३० दिवस लागतात आणि हरकतीची मुदत त्याच सुमारास संपते, म्हणजे प्रारूप डीपी आल्यावर आरटीआय टाकला तर उत्तर येईल तेव्हा खिडकी बंद. इरादा जाहीर झाला की लगेच टाका. १० रुपये फी, अर्ज १५० शब्दांत आणि एका अर्जात एकच विषय हा आपल्या राज्याचा नियम आहे, त्यामुळे पाणी खात्याला वेगळा, बांधकाम परवानगीला वेगळा. ‘परवानग्या का दिल्या’ असं विचारलंत तर ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ असं छापील उत्तर येतं. कागद मागा: गेल्या ५ वर्षांत या गटांवर दिलेल्या बांधकाम परवानग्यांची यादी फ्लॅटच्या संख्येसह, पाणीपुरवठा विभागाने दिलेल्या ना-हरकत पत्रांच्या प्रती. पाणी नसताना परवानगी कशी मिळाली याचं उत्तर बऱ्याचदा एका हमीपत्रात असतं, पालिकेचं पाणी येईपर्यंत मी टँकर देईन असं बिल्डरने लिहून दिलेलं असतं, आणि तुमच्या अ‍ॅग्रीमेंटमधेही बारीक अक्षरात ते असू शकतं, शोधा. शिवाय २६ नोव्हेंबर २०१८ चा शासन निर्णय आहे, दर सोमवारी दुपारी ३ ते ५ जिल्हास्तरापर्यंतच्या आणि स्थानिक संस्थांच्या ऑफिसात अर्ज न करता फाइल बघता येते. काउंटरवरच्या माणसाला हे माहीत नसतं किंवा माहीत नसल्यासारखं करतो, म्हणून जीआरची प्रिंट घेऊन जा.

आता हरकत लिहायची. माझी पहिली दोन पानी होती, त्यात ‘बेसुमार काँक्रीटीकरण’ होतं, ‘पुढच्या पिढ्या’ होत्या, एक शेरही होता, लाज वाटते आता. सुनावणीत मला साधारण दोन मिनिटं मिळाली. समितीतल्या एकांनी विचारलं, ‘ताई, सर्व्हे नंबर कोणता?’ माझ्याकडे नव्हता. ‘मागणी काय आहे?’ मी म्हटलं, विकास थांबवा. त्यांनी मान हलवली, लिहून घेतलं आणि पुढचा नंबर पुकारला. आराखड्यात ‘विकास थांबवा’ कुठल्या रंगाने दाखवणार ते? समितीच्या हातात झोन बदलणं, आरक्षण ठेवणं-हलवणं, रस्त्याची रेघ-रुंदी बदलणं एवढं असतं, मागणी त्याच भाषेत पाहिजे.

साधारण असं:

“प्रारूप विकास आराखडा, भाग-नकाशा क्र. ___, गट नं. ___, मौजे ___. यापूर्वीच्या मंजूर आराखड्यात येथे प्राथमिक शाळेचे आरक्षण क्र. ___ होते. प्रारूपात ते गट नं. ___ येथे हलवले आहे. नवी जागा ओढ्यालगत व उताराची असून तिला पोहोच रस्ता नाही (फोटो १, २). परिसरात मंजूर सदनिका ___ असून अपेक्षित लोकसंख्या ___ आहे (महारेरा नोंदींचा तक्ता सोबत). तरी सदर आरक्षण मूळ जागी कायम ठेवावे. मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी.”

बस. एका मुद्द्याला एक हरकत. पाणी, शाळा, रस्ता तिन्ही एका पत्रात कोंबलंत तर उत्तर सगळ्यात सोप्या मुद्द्याला मिळतं. आणि पाचशे झेरॉक्सवर पाचशे सह्या हा प्रकार आपल्याकडे फार लाडका आहे पण एकाच नमुन्यातल्या हरकती एकत्र करून एकदाच ऐकतात, वजन पडतं ते ‘हरकती किती आल्या’ या बातमीपुरतं. त्यापेक्षा वीसजणांनी वीस वेगळ्या हरकती द्या, शाळेवर ज्यांची मुलं शाळेत आहेत त्यांनी, ओढ्यावर ज्यांच्या पार्किंगमधे पाणी शिरलं त्यांनी. एक सूचना अशीही घाला की रस्ता प्रत्यक्ष ताब्यात येऊन तयार होईपर्यंत त्या रुंदीचा वाढीव एफएसआय देऊ नये, समिती म्हणेल हे आमच्या कक्षेत नाही, म्हणू दे, रेकॉर्डवर येतं.

देताना आवक-जावकचा शिक्का आणि नंबर आपल्या प्रतीवर घ्या, ऑनलाइन दिली तर टोकन नंबरचा स्क्रीनशॉट. मुदतीच्या शेवटच्या दिवशी साइट हमखास झोपते.

सुनावणीला महापालिकेत स्थायी समितीचे ३ सदस्य आणि नेमलेले जास्तीत जास्त ४ तज्ज्ञ असतात. भाषण करू नका, ए३ कागदावर तुमचा गट मोठा करून लाल पेनाने गोल करा आणि टेबलावर ठेवा, पहिलं वाक्य गट नंबर, दुसरं मागणी, मग वेळ उरला तर कारण. म्हातारी माणसं बरोबर न्या, त्यांना ओढा कुठून वाहायचा ते माहीत असतं आणि त्यांना मधे कोणी तोडत नाही. दुसऱ्या वेळी आम्ही असं केलं तेव्हा शाळेचं आरक्षण परत जागेवर आलं. रस्त्याचं नाही आलं, तो अजून नकाशावर १८ आणि जागेवर सव्वासहा आहे.

इथे संपत नाही हं. शासनाकडे गेल्यावर मोठे बदल केले तर तो भाग ‘ईपी’ म्हणजे वगळलेला भाग म्हणून वेगळा प्रसिद्ध होतो आणि त्यावर परत हरकती मागवतात, मुंबईच्या २०३४ च्या आराखड्याला मे २०१८ मधे मंजुरी मिळाली तेव्हा तसंच झालं होतं. बहुतेक लोक तोपर्यंत थकलेले असतात. मंजुरीनंतरही कलम ३७ खाली फेरबदल होतात, एखादं आरक्षण काढणं वगैरे, त्याची नोटीस राजपत्रात आणि पेपरात एवढीशी येते, तिलाही महिनाभरात हरकत घेता येते. आमच्या सोसायटीत एक निवृत्त काका रोज पेपरच्या जाहीर नोटिसाच आधी वाचतात, पूर्वी आम्ही हसायचो.

डीपी नाही पण शेजारी एकच मोठा प्रोजेक्ट येतोय असं असेल तर २० हजार चौरस मीटरच्या वर बांधकाम असल्यास पर्यावरण मंजुरी लागते. परिवेश या केंद्राच्या पर्यावरण मंजुरीच्या पोर्टलवर बिल्डरचा अर्ज निघतो आणि त्यात पाणी कुठून आणणार हे त्यांनी स्वतः लिहिलेलं असतं, ते तुमच्या आरटीआयच्या उत्तराशी ताडून बघा. कोर्ट हा शेवटचा रस्ता, खर्चाचा आणि वेळेचा. पण कोर्टं हा मुद्दा ऐकतच नाहीत असं नाही, २०१६ मधे मुंबई उच्च न्यायालयाने डंपिंग ग्राउंडच्या प्रश्नावरून मुंबईत नव्या बांधकामांवर बंदी घातली होती आणि मार्च २०१८ मधे सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून ती तात्पुरती उठवली. गावात राहत असाल तर ग्रामसभेचा ठराव करून घ्या, वर्षात किमान चार होतात, ठराव हरकतीला जोडला की ती एकट्या माणसाची राहत नाही.

आणि समजा तुम्ही जिंकलात, आरक्षण वाचलं. आराखडा अमलात आल्याची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमधे टाका आणि त्यात १० वर्षं मिळवा. तोपर्यंत पालिकेने ती जागा घेतली नाही तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप जातं. आम्ही नवव्या वर्षाचा रिमाइंडर लावलाय, आणि दरवर्षी बजेटच्या आधी त्या एका गट नंबरसाठी तरतूद मागणारं पत्र देतो, आत्तापर्यंत दोन दिलीत, पोच दोन्हींची आहे.