स्पाउस व्हिसा: दोन देशांतली बचत अशी दाखवली
ब्रिटनमध्ये मी स्थायिक, पण तेव्हा पगार नव्हता; म्हणून बायकोच्या व्हिसाचा अर्ज निव्वळ बचतीवर केला. 11 एप्रिल 2024 पासूनच्या नव्या अर्जांना त्यासाठी 88,500 पौंड लागतात, तेही सलग सहा महिने. आमचे थोडे पैसे इथे, बाकी पुण्यात तिच्या एफडीत. भारतातली रक्कम चालते, फक्त ती हवी तेव्हा काढता आली पाहिजे. त्यासाठी एफडी मुदतीआधी मोडता येते, असं बँकेचं पत्र जोडलं.

खरी धास्ती रुपयाची. हिशेब अर्जाच्या दिवशीच्या दराने होतो, म्हणून वर भरपूर शिल्लक ठेवली आणि मोठे खर्च पुढे ढकलले. व्हिसा मिळाला. पैसे इकडे आणायची घाई करू नका. हलवलेच, तर दोन्हीकडची स्टेटमेंट जपा.