बंद पडलेली पीजे परत आणायची, तर वहीत काय लिहायचं

मी 31 वर्षं रुळावर चाललो. आधी गँगमन, मग कीमन. म्हणजे खांद्यावर हातोडी, पिशवीत चाव्या (रूळ घट्ट धरणाऱ्या लोखंडी पाचरी) आणि फिशबोल्ट (रुळांचे सांधे आवळायचे बोल्ट), आणि सकाळी आपला टप्पा पायी तपासायचा. पीजे म्हणजे जळगाव जिल्ह्यातली पाचोरा–जामनेर रेल्वे, अडीच फुटी नॅरोगेज, 56 किलोमीटर. पाचोरा, वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा, जामनेर. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीत गाडी थांबली, ती थांबलीच. तेव्हापासून टपरीवर कोणी ना कोणी विचारतंच, "काय अप्पा, गाडी कव्हा सुरू व्हईन?" आता मी त्याच्या हातात दोनशे पानी वही देतो. त्या वहीत काय भरायचं ते इथे लिहितोय. तुमच्या भागात दुसरी एखादी लाइन बंद असेल, तर तिलाही यातलं बरंचसं लागू पडेल.

पहिल्या पानावर मागणी लिहा, आणि एक नाही, दोन लिहा. आम्ही चुकलो ते इथेच. "आमची रेल्वे सुरू करा" एवढ्या एका ओळीखाली गावभर सह्या घेतल्या आणि एका कार्यालयात दिल्या. "निवेदन नोंदवून घेतले" एवढं उत्तर आलं. राग आला, पण साहेबाने तरी काय करावं? कुठली गाडी, किती वाजता, कोणासाठी, यातलं आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. रोजची गाडी वेगळी आणि वारसा गाडी, म्हणजे जुनी आठवण जपायला फिरणाऱ्यांसाठी चालवलेली गाडी, वेगळी. रोजच्या गाडीला वेग हवा आणि वेळ पाळावी लागते. पोरांचं कॉलेज, पाचोऱ्याला मुंबई-भुसावळची गाडी गाठणं, दवाखाना. ते काम ब्रॉडगेजच करेल. पाचोरा–जामनेर रुंदीकरण आणि पुढे बोदवडपर्यंत वाढ, असा सुमारे 84 किलोमीटरचा प्रकल्प आहे. त्याच्या मागे लागायचं. जुन्या डब्यांवर माझा जीव आहे, तरी रोज तीस मैल जाणाऱ्या पोरीने माझ्या आठवणीसाठी हळू गाडीत बसावं, असं मी म्हणणार नाही. वारसा गाडीला मात्र पाच-दहा किलोमीटरचा जुना तुकडा पुरतो. फक्त तो मागायचा लवकर. रूळ एकदा भंगाराच्या लिलावात गेले की अर्ज करून ते परत येत नाहीत.

तुकडा कुठला मागायचा, हे नकाशा सांगतो. नवी लाइन जुन्याच बांधावरून, म्हणजे रुळाखालच्या मातीच्या भरावावरून, जाते तिथे नॅरोगेज राहूच शकत नाही. वळण काढायला किंवा चढ कमी करायला ती बाजूला सरकते, तिथे जुना बांध मोकळा सुटतो. मध्य प्रदेशात महू–खंडवा लाइनवर असंच झालं. पातालपाणी–कालाकुंडचा मीटरगेज घाट मोडला नाही, आणि डिसेंबर 2018 पासून तिथे वारसा गाडी धावू लागली. म्हणून माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून अंतिम सर्वेक्षणाचा नकाशा मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. प्रश्न छोटे ठेवा: नवी लाइन जुन्या हद्दीबाहेर कुठून कुठपर्यंत जाते? सुटलेल्या जागेचं काय ठरलं आहे? एका अर्जात वीस प्रश्न घातले तर एकाचंही नीट उत्तर येत नाही.

मग पायी चला. परवानगीशिवाय नाही. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं 1989 च्या रेल्वे कायद्याने गुन्हा आहे, आणि गाडी बंद असली तरी जागा रेल्वेचीच असते. भुसावळ मंडल कार्यालयाला अर्ज करा, त्यांचा माणूस बरोबर घ्या. त्यालाही चार गोष्टी दिसू द्या.

सगळ्यात आधी पाणी बघायचं. आपली काळी माती वैशाखात एवढी तडकते की भेगेत मनगट जातं, आणि आषाढात तीच फुगून चिखल होते. वर गिट्टी, खाली ही माती. रुळाशेजारची नाली बुजली की पाणी बांधात मुरतं, माती मऊ पडते, गिट्टी आत जाते आणि रूळ एका बाजूला बसतो. आमच्या गँगचं निम्मं आयुष्य नाल्या काढण्यात आणि पॅकिंगमध्ये, म्हणजे स्लीपरखाली गिट्टी ठासण्यात, गेलं. म्हणून चालताना मोरीजवळ, म्हणजे रुळाखालून पाणी जायच्या वाटेजवळ, वाका, आरपार उजेड दिसतो का बघा आणि तसं लिहा: "आरपार दिसते", "अर्धी बुजली", "वेडी बाभूळ उगवली". वेडी बाभूळ वरून छाटून जात नाही, बुडातून पुन्हा फुटते. ती मुळासकट काढायची.

नंतर सांधे. एकापुढे एक जोडलेल्या दोन रुळांच्या टोकांमध्ये उन्हात लोखंड वाढायला फट असते. हिवाळ्यात फिशप्लेट (सांध्याची लोखंडी पट्टी) उघडून तेल-ग्रीस दिलं नाही तर सांधा गंजून जाम होतो. मग मे महिन्याच्या उन्हात लोखंड वाढतं, त्याला फटीत जागा मिळत नाही, आणि रूळ सापासारखा आडवा वळतो. बरीच वर्षं हात न लागलेल्या लाइनवर प्रत्येक सांधा जाम आहे असंच धरून चाला.

आणि चाव्या. रुळाखालच्या आडव्या लोखंडी स्लीपरवर रूळ चावीने धरलेला असतो. हातोडीने हलकेच ठोकलं की घट्ट चावी टणटणते आणि सैल असली तर थड् असा मेलेला आवाज येतो. बरोबरच्या रेल्वेच्या माणसाला ठोकायला सांगा आणि पोरांना कान लावायला लावा. मी माझ्या नातवाला हे एका दुपारी शिकवलं. दहाव्या चावीला तो डोळे मिटून बरोबर सांगत होता.

अतिक्रमणाबद्दल एकच सांगतो, भांडू नका. कुणाचा गोठा हद्दीत आलाय, कुणी कपाशीच्या दोन ओळी लावल्यात. तो आपलाच भाऊ आहे. मोजणी रेल्वे आणि भूमी अभिलेख करतील. आपण फक्त किलोमीटरचा दगड बघून जागा लिहायची. मात्र बैलगाडीची वाट कुठून जाते ते नक्की लिहा, कारण गेट किंवा भुयारी रस्ता कुठे हवा हे शेतकऱ्याइतकं कोणाला कळत नाही. नंतर बोंब मारून उपयोग नसतो.

प्रवासी मोजायचं काम मुलींकडे द्या. आमच्याकडे त्यांनीच ते सगळ्यात चोख केलं. सकाळी एसटी स्टँडवर आणि काळीपिवळीच्या थांब्यावर आठवडाभर उभं राहायचं: कोण, कुठे, किती वाजता, किती भाडं. बाजाराचा दिवस आणि साधा दिवस वेगळा. शेंदुर्णीला कार्तिकात त्रिविक्रमाचा रथ निघतो, तेव्हाची गर्दी वेगळ्या पानावर. ती रोजच्या आकड्यात मिसळली तर तपासणारा पूर्ण वहीच बाजूला ठेवेल.

वारसा गाडीच्या पानावर तीन गोष्टी हव्यात. एक, दोन्ही टोकांना लूप, म्हणजे बाजूचा जोडरूळ. इंजिन सुटून बाजूच्या रुळावरून पुढे येऊन लागलं नाही तर परत येताना ते मागून ढकलत बसेल. सुंदर डबे रंगवायच्या आधी हे बघा. दोन, इंजिन डिझेलचंच मागा. वाफेचं इंजिन मलाही हवंय, पण त्याचा बॉयलर, पाणी आणि जाणता फायरमन हे सगळं जमेपर्यंत गाडी थांबवू नये. तीन, वार. पहूरहून अजिंठा लेण्यांकडे रस्ता जातो आणि लेणी सोमवारी बंद असतात. शनिवार-रविवार धरा, आणि फर्दापूरच्या एसटीची वेळ गाडीच्या वेळेशी जुळवून लिहा. कोणी म्हणालं की अशी गाडी चालत नाही, तर बिलीमोरा–वघई दाखवा. तीही अडीच फुटी, तीही 2020 मध्ये थांबली, आणि सप्टेंबर 2021 मध्ये पुन्हा सुरू झाली.

वही भरली की प्रत्येक गावाच्या ग्रामसभेत ठराव घ्या, दोन्ही मागण्यांचे वेगवेगळे. ठरावाच्या प्रती, मोजणी आणि मोऱ्यांची यादी मंडल कार्यालयाला, खासदारांना आणि रेल्वे सल्लागार समितीच्या सदस्यांना एकाच दिवशी द्या आणि पोच घ्या. कोणी "पुढच्या महिन्यात गाडी" असं सांगितलं तर लगेच पेढे वाटू नका. नवी किंवा रुंद केलेली लाइन प्रवाशांसाठी उघडण्याआधी रेल्वे संरक्षा आयुक्त तपासतात, आणि ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतात. त्यांनी हो म्हटल्याशिवाय माणसं बसवता येत नाहीत. हे चांगलंच आहे, आपलीच लेकरं त्यात बसणार आहेत.

ग्रामसभा 2 ऑक्टोबरला असते. त्याआधी पावसात एकदा मोऱ्या बघून घ्या, पाणी कुठे तुंबतं ते तेव्हाच दिसतं. माझ्याकडे जुनी हातोडी आहे, आणि गुडघे अजून चार किलोमीटर चालतात. ज्यांना यायचं त्यांनी वही घेऊन या.