काजू वेचणीच्या दिवसांत माकडतापापासून जपा

काजूची बी पडायला लागली की दिवसाचे कितीतरी तास झाडाखाली वाकून जातात. माकडतापाचा जोरही नेमका याच दिवसांत असतो. महाराष्ट्रात तो पहिल्यांदा २०१६ च्या सुरुवातीला सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात आढळला, पुढच्या वर्षी बांदा परिसरात पसरला. आजारी पडलेल्यांत काजूच्या बागेत राबणारे बरेच होते.

नाव माकडाचं असलं तरी माणसाला हा रोग देते ती गोचीड. याचा विषाणू १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात सापडला. युरोप-रशियात गोचिडींमुळे जो मेंदूज्वर होतो, त्याचा विषाणू याच कुळातला.

गुरांच्या कानामागे लटकलेली टपोरी गोचीड सगळ्यांना ओळखू येते. माणसाला चावते ती बहुधा अर्धवट वाढलेली, मोहरीच्या दाण्याएवढी. चावल्याचं कळतही नाही. ती लपते पातेऱ्यात, म्हणजे झाडाखालच्या वाळल्या पानांत, आणि पातेरा तर आपण भाजावळीसाठी (पेरणीआधी शेत भाजायला) नि गोठ्यात अंथरायला भारे भरून घरी आणतो! जंगलालगतच्या गावांनी डिसेंबर ते मे रानातला पातेरा गोठ्यात आणूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी भाताचा पेंढा वापरा.

बागेत जाताना पूर्ण बाह्यांचा फिकट रंगाचा सदरा आणि पायघोळ पँट घाला, पँटचं टोक मोज्यात खोवा. आरोग्य केंद्रातून गोचीड दूर ठेवणारं डीएमपी तेल मिळालं तर उघड्या अंगाला लावा. जेवायला पातेऱ्यावर बसू नका. घरी आल्यावर कपडे बाहेरच उतरवून गरम पाण्यात टाका, साबणाने आंघोळ करा. काखा, जांघा, गुडघ्यामागची जागा नीट पाहा. गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, पेटती काडी हे उपाय नकोत. नखाने चिरडू तर मुळीच नका. गुरांच्या गोचिडी काढतानाही ही सवय मोडा.

गुरांना हा रोग होत नाही, पण मोठी गोचीड त्यांच्या रक्तावर पोसते आणि हजारो अंडी घालते. म्हणून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने गोचीडनाशक वेळच्या वेळी वापरा. फवारणीचं उरलेलं कीटकनाशक अंदाजाने गुरांना चोळू नका.

बागेत माकड किंवा वानर मरून पडलेलं दिसलं तर हात न लावता लगेच वन खातं, ग्रामपंचायत किंवा आरोग्य केंद्राला कळवा. या रोगाने मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात, त्यामुळे ती जागा सगळ्यांत धोक्याची. औषध मारून होईपर्यंत तिथली बी पडून राहिली तरी चालेल.

चावल्यापासून साधारण ३ ते ८ दिवसांत अचानक थंडी वाजून ताप येतो, डोकं ठणकतं, कंबर नि पिंढऱ्या भरून येतात, उलट्या होतात. काहींच्या हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं. अशा तापात ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. डॉक्टरांना ‘मी जंगलालगतच्या बागेत काम करतो’ हे आपणहून सांगा, म्हणजे रक्ततपासणी लवकर होईल. विषाणू मारणारं खास औषध नाही. सलाइन, ताप उतरवणं, रक्तस्रावावर लक्ष हेच उपचार, आणि वेळेत मिळाले तर बहुतेक रुग्ण बरे होतात. जुनी लस फारशी उपयोगी ठरत नसल्याने कर्नाटकात २०२२ मध्ये थांबवली गेली, तेव्हा लशीच्या भरवशावर राहू नका.

ताप उतरला म्हणून लगेच बागेत जाऊ नका. शंभरातल्या दहा-वीस जणांना आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा ताप चढतो, आणि तेव्हा रोग मेंदूपर्यंत पोचलेला असू शकतो. डोकं असह्य दुखणं, हात थरथरणं, अंधूक दिसणं, असंबद्ध बोलणं यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता रुग्णाला थेट मोठ्या सरकारी रुग्णालयात न्या.