घड्याळवाल्याच्या खिशातला कागद

मुलाच्या शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात घड्याळाचं काम मला मिळालं ते ‘इंडियन माणूस, म्हणजे आकडेमोड येणारच’ एवढ्याच भांडवलावर. न्यू जर्सीत आपल्या वाट्याला हे येतंच. पुढच्या हंगामापासून ते तुमच्याकडे येतंय, तर माझ्या कागदावर काय काय असायचं ते सांगून ठेवतो. शेवटच्या पाच मिनिटांत कोच ओरडून विचारेल आणि तुम्ही कागदावरचं वाचून दाखवाल, इतकंच काम. विचार करायचा तो आदल्या रात्री, जेवण झाल्यावर, शांतपणे.

आधी नियमपुस्तक कुठलं ते बघा. टीव्हीवर एनएफएल (इथली व्यावसायिक लीग) बघून आपण शहाणे होतो आणि शाळेच्या मैदानावर तोंडघशी पडतो. तिकडे क्वार्टर, म्हणजे सामन्याचा चौथा भाग, १५ मिनिटांचा, शाळेत १२ मिनिटांचा. तिकडे शेवटची दोन मिनिटं उरली की खेळ आपोआप थांबतो. कॉलेजांत ही सोय २०२४ साली आली, शाळेत ती नाहीच. उलट शाळेत नवा फर्स्ट डाउन (चार प्रयत्नांत दहा यार्ड गेलात की मिळणारे नवे चार प्रयत्न) मिळाला की अंतर मोजायची साखळी हलेपर्यंत घड्याळ थांबतं, एनएफएलमध्ये थांबत नाही. टाइमआउट (घड्याळ थांबवायची मागणी) मात्र सगळीकडे हाफला, म्हणजे अर्ध्या सामन्याला, तीनच, आणि एक प्ले, म्हणजे एक प्रयत्न, संपल्यावर पुढचा सुरू करायला ४० सेकंद. या ४० सेकंदांभोवतीच बाकी सगळं फिरतं.

कागदाच्या माथ्यावर गुडघ्याचं गणित लिहा. आघाडीवरचा संघ शेवटी क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू आधी हाती घेऊन खेळ चालवणाऱ्याला, नुसता गुडघा टेकायला लावतो: प्ले तिथेच संपतो, घड्याळ मात्र धावत राहतं. कबड्डीत आघाडीवरचा चढाईपटू शेवटच्या मिनिटाला निदान रेषा ओलांडून ३० सेकंद घालवतो आणि हात हलवत परत येतो, तोच प्रकार. एका गुडघ्याला दोनेक सेकंद, वर ४०. तीनदा टेकला की दोन मिनिटांवर थोडं जातं. म्हणजे समोरच्याकडे एकही टाइमआउट नसेल आणि घड्याळात दोन मिनिटं असतील, तर सामना संपल्यात जमा. त्यांच्याकडे एक असेल तर साधारण १ मिनिट २५ सेकंद, दोन असतील तर ४५ सेकंद, तिन्ही असतील तर गुडघ्याचा फारसा उपयोग नाही. हे चार आकडे ठळक लिहा.

हे गणित न केल्याचं फळ आपल्या घराजवळच, मेडोलँड्सच्या स्टेडियमवर मिळालं होतं. १९ नोव्हेंबर १९७८. एनएफएलमधले जायंट्स १७-१२ ने पुढे, समोरच्या ईगल्सकडे एकही टाइमआउट नाही, शेवटचं अर्धं मिनिट. क्वार्टरबॅक जो पिसार्चिकने गुडघा टेकला असता तर लोक घरी गेले असते. वरून आदेश आला चेंडू लॅरी झाँकाच्या हाती देण्याचा. चेंडू निसटला, हर्मन एडवर्ड्सने उचलला आणि २६ यार्ड पळत जाऊन टचडाउन केला, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेला. ईगल्स १९-१७. आदेश देणाऱ्या सहायक कोचची नोकरी दुसऱ्या दिवशी गेली. त्यानंतर गुडघा टेकण्याची खास रचना सगळ्यांनीच घोटून ठेवली, असं आपण मानतो. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये मायामी विद्यापीठाने जॉर्जिया टेकविरुद्ध नेमकं हेच केलं: पुढे होते, समोरच्याकडे टाइमआउट नव्हता, तरी पळायला गेले, चेंडू सांडला आणि २३-२० ने हरले. ४५ वर्षांनी! म्हणून म्हणतो, ठळक लिहा.

दुसऱ्या ओळीत टाइमआउटची किंमत. तुम्ही मागे आहात आणि चेंडू समोरच्याकडे आहे, तेव्हा एक टाइमआउट तुमचे जवळजवळ पूर्ण ४० सेकंद वाचवतो. चेंडू तुमच्याकडे असताना तोच टाइमआउट फार तर पंधरा-वीस सेकंद वाचवतो, कारण तुम्ही तसेही घाईनेच रांग लावणार असता. म्हणून बचावाच्या वेळीच खर्च करा, आणि लवकर करा. तिसऱ्या क्वार्टरमध्ये प्ले क्लॉक (तेच ४० सेकंद) संपतंय म्हणून घाबरून टाइमआउट घेणारा कोच दिसला की माझा जीव खालीवर होतो. अहो, पाच यार्डांची शिक्षा घ्या आणि गप्प बसा.

उलटं पापही लक्षात ठेवा, टाइमआउट खिशात घेऊन घरी येणं. २०२४ च्या थँक्सगिव्हिंगला डेट्रॉइटमध्ये शिकागो बेअर्स तीन गुणांनी मागे होते. क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स पाडला गेला तेव्हा ३२ सेकंद आणि एक टाइमआउट शिल्लक. घड्याळ धावत राहिलं, कोच मॅट एबरफ्लूस बघत राहिले, एकच लांब पास फेकून झाला आणि सामना २३-२० असा संपला. दुसऱ्या दिवशी त्यांना काढलं. हंगाम चालू असताना मुख्य कोचला काढण्याची बेअर्सच्या इतिहासातली ती पहिलीच वेळ. कागदावर मी लिहायचो: ‘एक मिनिटाच्या आत, आपला चेंडू, माणूस मैदानात पडला: लगेच ओरड.’

किती वेळा गुण करायचेत हेही आधीच मांडा. टचडाउनचे सहा, वर किकचा एक किंवा चेंडू पुन्हा रेषेपार नेला तर दोन; फील्ड गोलचे, म्हणजे खांबांमधून मारलेल्या किकचे, तीन. म्हणून आठपर्यंतचा फरक एका टचडाउनचा, नऊपासून पुढे दोन फेऱ्या. दोन फेऱ्या हव्या असतील तर पहिली झटपट झाली पाहिजे, मग ती फील्ड गोलची का असेना. फेब्रुवारी २००५ च्या सुपर बोलमध्ये (एनएफएलचा अंतिम सामना) कोच अँडी रीडचे ईगल्स दहा गुणांनी मागे होते आणि ५ मिनिटं ४० सेकंद हातात होते. त्यांनी टचडाउन केला खरा, पण घड्याळात १ मिनिट ४८ सेकंद उरवून. हरले तीन गुणांनी.

चौदाने मागे असताना पहिल्या टचडाउननंतर दोन गुणांचा प्रयत्न करावा, हे सांगितलं की पालक माझ्याकडे वेड्यासारखं बघायचे. दोन गुण निम्म्या वेळा मिळतात असं धरा. मिळाले तर पुढच्या टचडाउनला साधी किक मारून तुम्ही जिंकता. नाही मिळाले तर पुन्हा दोनचा प्रयत्न, आणि तेव्हा मिळाले तर बरोबरी. म्हणजे निम्मा विजय, पाव बरोबरी, पाव पराभव. दोन्ही वेळा किक मारली तर नुसती बरोबरी, मग पुढचं नाणेफेकीसारखं. शाळेत किक मारणारा पोरगा कच्चा असेल, तर वादच उरत नाही.

पळणाऱ्या मुलांना एक चमत्कारिक गोष्ट आधी पढवावी लागते: गुण करू नकोस. ऑक्टोबर २०२० मध्ये अटलांटाचा टॉड गर्ली गोलरेषेपाशी थांबायला गेला, तोल गेला आणि टचडाउन झाला. थांबला असता तर घड्याळ संपवून फील्ड गोलने सामना खिशात होता. डेट्रॉइटला १ मिनिट ४ सेकंद मिळाले आणि ते २३-२२ ने जिंकले. याउलट फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटीचा जेरिक मॅकिनन मोकळी वाट असून गोलरेषेआधी घसरला. फील्ड गोल आठ सेकंद उरले असताना मारला गेला, ३८-३५. पंधरा वर्षांच्या पोराला टचडाउन सोडायला सांगणं म्हणजे वाढलेल्या पानावरून उठवणं. सरावात चार-पाचदा करून घ्या.

टाइमआउट संपले असतील तर चेंडू पंचाच्या हातात द्यायचा, हेही शिकवा. जानेवारी २०२२ मध्ये डॅलसचा डॅक प्रेस्कॉट १४ सेकंद उरले असताना मधून पळाला. चेंडू पंचाने जागेवर ठेवल्याशिवाय पुढचा प्ले होत नाही. पंच मागून धावत आला, चेंडू ठेवला, तोवर घड्याळ संपलं. त्याच महिन्यात आघाडीवरच्या बफेलोने १३ सेकंद उरले असताना खेळ पुन्हा सुरू करणारी किक थेट गोलरेषेपार मारली, त्यामुळे घड्याळातला एकही सेकंद गेला नाही. कॅन्सस सिटीने दोन पास, एक ४९ यार्डांचा फील्ड गोल मारून बरोबरी केली आणि जादा वेळेत सामना जिंकला. किक जमिनीलगत मारा, कुणाला तरी ती उचलून पळू द्या.

फेब्रुवारी २०१५ च्या सुपर बोलबद्दल तुम्हाला कुणीतरी विचारणारच: सिॲटल एका यार्डावर, २६ सेकंद, एक टाइमआउट, आणि त्यांचे कोच पीट कॅरल यांनी पळायचं सोडून पास खेळवला, तो समोरच्या संघाच्या माल्कम बटलरने झेलला. घड्याळाच्या हिशोबाने तीन प्रयत्न बसवायचे तर एक पास लागतच होता, कारण न झेललेल्या पासवर घड्याळ थांबतं. चूक असेल तर ती पासच्या निवडीत. आमच्या कोचना हे पटवायला मला दोन हंगाम लागले, आणि अजूनही ते मान अर्धीच हलवतात.

आकड्यांपुढे शब्द लिहा. २००३ च्या विश्वचषकात डर्बनला दक्षिण आफ्रिकेकडे डकवर्थ-लुईसचा तक्ता होता. त्यातला २२९ हा बरोबरीचा आकडा त्यांनी विजयाचा समजला, बाउचरने शेवटचा चेंडू नुसता अडवला आणि यजमान स्पर्धेबाहेर गेले. तेव्हा ‘बरोबरी’ आणि ‘विजय’ असं स्पष्ट लिहा, आणि कागद दुसऱ्या कुणाला तरी एकदा वाचायला द्या.

टाइमआउट मागणारा एकच माणूस ठरवा आणि तो पंचाच्या जवळ उभा राहील असं बघा. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. एका पावसाळी सामन्यात माझी शाई पसरली, समोरच्यांचे उरलेले टाइमआउट मी दोनाऐवजी शून्य वाचले आणि आम्ही गुडघे टेकायला लागलो. तेव्हापासून पेन्सिल. दोन ठेवा, एक मोडते.