माळ्यावरचा आठ एमएम कॅमेरा आणि त्यात घालायचं रीळ, खिसा सांभाळून

भुसावळला काकांच्या घरी माळा साफ करताना एक रशियन क्वार्त्झ कॅमेरा सापडला, चावीचा, अजून घर्र घर्र चालतोय, आणि मी उत्साहाच्या भरात त्याच रात्री १६ एमएमचं रीळ मागवून टाकलं, कारण कॅमेरा डबल ८ प्रकारचा होता आणि कुठंतरी वाचलं होतं की डबल ८ म्हणजे १६ एमएम रुंदीचीच फिल्म. रुंदी बरोबर होती हो, भोकं चुकली. डबल ८ च्या फिल्मला साध्या १६ एमएमच्या दुप्पट भोकं असतात, त्यामुळे कॅमेऱ्यातला फिल्म ओढणारा पंजा एकदा भोकात आणि एकदा कोऱ्या कडेवर, वीतभर फिल्म फाटली आणि खेळ खलास. आबा ओट्यावर बसून बघत होते, म्हणाले "पैसा पानीमा गयात रे पोऱ्या". गेलेच.

तर पहिलं काम पैसे काढायचं नाही, कॅमेरा उघडून बघायचं. आत प्लास्टिकची चौकोनी डबी बसेल असा खड्डा असेल तर सुपर ८, कोडॅकने १९६५ ला आणलेला प्रकार, ५० फुटांची कार्ट्रिज, टाकली की झालं. दोन छोट्या चकत्या बसत असतील तर बहुतेक डबल ८, म्हणजे २५ फुटांचं रीळ एकदा चालवायचं, मग उलटं करून परत चालवायचं, आणि धुतल्यावर मधून चिरून ५० फूट होतं. रशियन कॅमेऱ्यात मात्र डबल सुपर ८ म्हणून एक तिसराच प्राणी पण असतो, त्याची भोकं अजून वेगळी, म्हणून अंगावरचं नाव नीट वाचा. फुजीचा सिंगल ८ निघाला तर त्याची डबी वेगळी आणि सुपर ८ ची त्यात बसत नाही, ती रिळं शोधण्यात जीव जातो, कॅमेरा शोकेसमध्ये ठेवा. आवाजाची सुपर ८ कार्ट्रिज कोणी विकत असेल तर ती मोठी असते, साध्या कॅमेऱ्यात जात नाही, आणि बनायची पण कधीच बंद झालीये. १६ एमएमवाल्यांनी एकच बघायचं, आतल्या चाकाला दात एका बाजूला की दोन्ही बाजूंना. दोन्हीकडे असतील तर दोन्ही कडांना भोकं असलेलीच फिल्म लागते, आणि हल्ली सगळीकडे एका बाजूचीच जास्त मिळते.

आता हिशोब. रिळाची किंमत ही किंमतच नाही, हे मला तीन रिळं घेतल्यावर कळलं. रीळ, टपाल, ड्युटी, धुणं, स्कॅन, हे सगळं एकत्र करून पडद्यावरच्या मिनिटाला किती पडलं ते काढायचं. सुपर ८ ची कार्ट्रिज सेकंदाला २४ फ्रेमने, म्हणजे २४ चित्रांनी, अडीच मिनिटं चालते आणि १८ ने ३ मिनिटं २० सेकंद. समजा सगळं मिळून १०,००० पडले तर २४ ने मिनिटाला ४,०००, १८ ने ३,०००. एक खटका फिरवायचा आणि हजार रुपये वाचले, घासाघीस न करता! डबल ८ चं रीळ १६ फ्रेमने चार मिनिटांच्या वर जातं, म्हणून गरिबाचा कॅमेरा तोच, दिसायला कितीही पुराणा असला तरी. १६ एमएमचं १०० फूट २४ ने पावणेतीन मिनिटांत संपतं. चित्र सुंदर येतं पण ते लग्नाच्या जेवणावळीसारखं आहे, एकदा सुरू झालं की खर्च हातात राहत नाही.

आणि म्हणून रीळ निवडताना आधी विचारायचं की हे धुणार कोण. आपल्याकडे जळगाव-धुळ्यात फोटो स्टुडिओवाल्याला सिने रीळ दाखवलं तर तो म्हणतो हाई काय शे? कलर निगेटिव्ह म्हणजे कोडॅकचं व्हिजन ३, ते ईसीएन-२ नावाच्या प्रोसेसने धुतात, फोटोच्या रोलसारखं नाही, ते लॅबला पाठवावंच लागतं. एक्टाक्रोम हे रिव्हर्सल, म्हणजे निगेटिव्ह न होता थेट सरळ चित्र देणारं, ते ई-६ नावाच्या प्रोसेसने. घरी करायचं असेल तर ब्लॅक अँड व्हाइट, दुसरा स्वस्त रस्ता मला तरी सापडला नाही. कोडॅकचं ट्राय-एक्स घ्या, रिव्हर्सलच्या भानगडीत न पडता निगेटिव्ह म्हणून धुवा आणि स्कॅन करून काळ्याचं पांढरं करा, मस्त येतं. डबल ८ वाल्यांसाठी चेकोस्लोव्हाकियाच्या काळापासून चालत आलेल्या फोमा कंपनीचं फोमापॅन आर १०० आहे, ते स्वस्तातलं आणि ताजं मिळतं, पण त्याच्यात एक गोम आहे: खाली बारीक चांदीचा थर असतो आणि तो रिव्हर्सलच्या ब्लीचमध्येच निघतो. निगेटिव्ह म्हणून धुतलं तर सगळं काळंमिट्ट, मग लोक म्हणतात रीळ खराब निघालं. रीळ चांगलं होतं, तुम्ही अर्धी रेसिपी केली. त्या ब्लीचला ॲसिड लागतं, तर हातमोजे घाला आणि मोरीत नको, गच्चीवर करा. धुवायला रशियन लोमो टँक जुना मिळाला तर सोडू नका.

किती आयएसओचं, म्हणजे उजेडाला किती तेज रीळ घ्यायचं? इथं लोक परदेशी व्हिडिओ बघून ५०० चं मागवतात. अरे भो, लंडनचं ऊन वेगळं आणि रावेरच्या केळीच्या बागेबाहेरचं ऊन वेगळं! सुपर ८ चं शटर साधारण १/४० सेकंदाच्या आसपास, आपल्या दुपारी ५०० आयएसओ घातलं तर लेन्सचं भोक एफ २२ पर्यंत, म्हणजे अगदी बारीक, करूनही भागत नाही. ५० डी, म्हणजे ५० आयएसओचं दिवसाच्या उजेडाचं रीळ घ्या, एफ १६ ला नीट बसतं. ट्राय-एक्स किंवा फोमा असेल तर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळपट काच लावा, नाहीतर सकाळी-संध्याकाळीच शूट करा. अजून एक, सुपर ८ ची डबी कॅमेऱ्याला खाचेवरून स्पीड, म्हणजे आयएसओ, सांगते आणि बरेच स्वस्त कॅमेरे फक्त ४० आणि १६० एवढंच वाचतात, म्हणजे ५० चं ४० धरलं तर काही बिघडत नाही, २०० चं १६० धरलं तरी चालतं, निगेटिव्ह तेवढं सहन करतं.

मग एक्स्पायर्ड, मुदत संपलेलं रीळ. स्वस्त म्हटलं की सगळे इकडेच धावतात आणि मी पण धावलोय. आधी डब्यावरचा प्रोसेस वाचा. के-१४ लिहिलं असेल तर ते कोडाक्रोम, सील असो नाहीतर चांदीच्या डबीत असो, त्याचं कलर धुणं शेवटच्या लॅबने २०१० च्या अखेरीस बंद केलं, आता त्यातून फार तर ब्लॅक अँड व्हाइट काढता येईल. कलर निगेटिव्हचा ढोबळ नियम असा की दर दहा वर्षांना एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, जास्त उजेड द्यायचा. पण तो नियम न तापणाऱ्या जागेत ठेवलेल्या फिल्मचा! आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ ४५ च्या पुढं जातं, पत्र्याखालच्या माळ्यावर तर विचारूच नका, तिथं वीस वर्षं पडलेलं रीळ म्हणजे भट्टीतून काढलेलं वांगं, भरीत करा. विकणाऱ्याला एकच प्रश्न: फ्रीजमध्ये होतं का? "बहुतेक" असं उत्तर आलं की पुढं चला. त्यातल्या त्यात कमी आयएसओचं ब्लॅक अँड व्हाइट टिकतं, जुनं एक्टाक्रोम अजिबात नको, रिव्हर्सलला चूक चालत नाही. सुपर ८ ची डबी वापरलेली आहे का ते पण बघा, कोडॅकचं पूर्ण चाललेलं असेल तर खिडकीत फिल्मवर इंग्रजीत 'एक्स्पोज्ड' छापलेलं दिसतं.

घ्यायचं कुठून? मुंबईला गेलात तर बोरीबंदरजवळ बोरा बाजारात एक चक्कर मारा, तिथं जास्त करून फोटोचा माल असतो पण जुने दुकानदार वाट दाखवतात. बाहेरून मागवलं तर ड्युटी फक्त रिळावर नाही, टपालखर्च धरून लागते, म्हणून एकेक रीळ मागवणं म्हणजे मूर्खपणा. आम्ही चौघं मिळून चक्क भिशी करतो, महिन्याला ठरावीक पैसे, सहा महिन्यांनी एकच मोठी ऑर्डर, आणि ती दिवाळीनंतर, कारण एप्रिल-मेमध्ये पार्सल कुठल्या गोडाऊनमध्ये तापत पडेल सांगता येत नाही. कोणाचा भाचा-पुतण्या परदेशातून येत असेल तर सगळ्यात भारी, फक्त त्याला निक्षून सांगा की रिळं चेक-इन बॅगेत टाकू नको, हातात ठेव आणि एअरपोर्टवर हाताने तपासायची विनंती कर, नवीन सीटी स्कॅनरमधून गेलेली फिल्म धुरकट होते. १६ एमएमवाल्यांनी शूटिंगवर उरलेले तुकडे, शॉर्ट एंड्स म्हणतात, ते विचारावेत, फुटामागे बरंच स्वस्त पडतं, पण डब्यावर तारीख आणि किती फूट ते लिहिलेलं पाहिजे आणि छोट्या स्पूलवर गुंडाळायचं काम पूर्ण अंधारात, मोबाईल पण दुसऱ्या खोलीत.

घरी आल्यावर रीळ झिप पिशवीत, त्यात सिलिकाची पुडी, आणि फ्रीजमध्ये. आमच्याकडे लाइट गेली तरी आई दार उघडू देत नाही, ते फिल्मला पण बरं. काढल्यावर दोन-तीन तास पिशवी बंदच ठेवायची, नाहीतर थंड फिल्मवर पाणी सुटतं. गाडीच्या डिक्कीत ठेवून सारंगखेड्याला घोडेबाजार शूट करायला निघालात तर डिसेंबर असला तरी बारा वाजता ती डिक्की तापते, खांद्यावरच्या झोळीत घ्या. डबीवर पेनाने घेतल्याची तारीख, आयएसओ आणि कुणाची ते लिहा, आमच्या भिशीत एकाने माझं ट्राय-एक्स स्वतःचं समजून पोळ्याच्या बैलांवर संपवलं, आणि बैल इतके छान आलेत की भांडता पण येत नाही.