कलाशिक्षकांनो, या चुका टाळा: तास, घसा आणि स्वतःचा हात जपा

मी पुण्यात 22 वर्षं चित्रकला शिकवते आहे. पाचवी ते नववीच्या 18 तुकड्या, एकेका तुकडीत पन्नास-पंचावन्न मुलं. टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयातून ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका) करून नुकती शाळेत लागलेली मुलंमुली भेटली की दोनच गोष्टी विचारतात. वर्ग आवरायचा कसा? आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंतच एवढं गळून जायला का होतं? माझ्या मते या दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. आपल्या कामाला कुणी कुंपण घालून देत नाही, ते आपल्यालाच घालावं लागतं.

साहित्य वाटण्यात तास घालवू नका

तासिका 35 मिनिटांची. मुलं वर्गात स्थिरावेपर्यंत पाच मिनिटं जातात. मग पाणी आणायला चौघं नळावर जातात, दोघांचे ब्रश घरी राहिलेले असतात, आणि रंग उघडेपर्यंत घंटा होते. पुढच्या तासाचे सर दारात उभे आणि बाकावर निळं पाणी सांडलेलं. माझी पहिली दोन वर्षं अशीच गेली. रोज संध्याकाळी डोकं दुखायचं आणि मला वाटायचं, मुलंच द्वाड आहेत.

आता प्रत्येक रांगेला एक रंगप्रमुख असतो, दर महिन्याला नवा. तो मधल्या सुट्टीतच श्रीखंडाचे रिकामे डबे भरून ठेवतो. डबा अर्धाच भरायचा, काठोकाठ भरला तर सांडणारच. दोघांत दोन डबे: एकात ब्रश धुवायचा, दुसऱ्यातलं पाणी रंगात घ्यायचं. प्रत्येकाच्या दप्तरात जुन्या सुती कपड्याचा एक तुकडा हवा. शेवटची सात मिनिटं आवराआवरीची, चित्र अर्धं असलं तरी ब्रश खाली. सुरुवातीला मुलं कुरकुरतात, पण पंधरा दिवसांत अंगवळणी पडतं. जलरंगाचं काम पंधरवड्यातून एकदाच ठेवा, एरवी पेन्सिल, तेलखडू, कागदकाम. दर तासाला पाणी काढायचं ठरवलं तर शिक्षक टिकत नाही.

मुलाच्या चित्रात आपला ब्रश घालू नका

पाचवीतल्या एका मुलाने पीएमपीची बस काढली होती. कंडक्टर बसच्या दारापेक्षा मोठा. मी त्याच्या हातातून पेन्सिल घेतली आणि कंडक्टर ‘नीट’ करून दिला. पुढच्या तासाला तो वही घेऊन थेट टेबलाशी आला. ‘बाई, तुम्हीच काढून द्या, तुमचं छान येतं.’ त्याच्यामागे आणखी बारा वह्या. महिनाभरात निम्मा वर्ग माझ्या टेबलाशी रांगेत आणि उरलेला निम्मा गोंधळ घालत बसलेला.

ही रांग मीच लावली होती. तो कंडक्टर मोठा का, तर रोज सकाळी गर्दीत त्याच्या डोळ्यासमोर तोच उभा असायचा. एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं. आता काही दाखवायचं असेल तर फळ्यावर किंवा वेगळ्या चिठ्ठीवर काढते आणि लगेच पुसते. मुलाच्या कागदाला हात लावत नाही. दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी आणि नारळाचं झाड हा देखावा मात्र बोलून जात नाही. त्यासाठी मुलांना खिडकीशी न्यावं लागतं. आमच्याकडून पर्वती दिसते. तिथे ना नदी, ना नारळ. मुलं आधी गोंधळतात, मग पायऱ्या मोजायला लागतात.

वह्या घरी नेऊ नका. एका तासाला बारा मुलं ठरवा, त्यांच्याजवळ जाऊन बोला आणि आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनाची नोंद तिथेच करा. पाच तासांत वर्ग पूर्ण होतो.

घसा आणि धूळ

पन्नास मुलांच्या आवाजावर आपला आवाज चढवणं ही हरणारी लढाई आहे. मी छोटे टाळ ठेवले आहेत. एकदा वाजले की हात थांबतात, दुसऱ्यांदा वाजले की तोंडं. पाण्याची बाटली टेबलावर हवी, आणि घसा तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर सुंठ-मध बाजूला ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.

गणपतीआधी शाडूच्या मूर्तींची कार्यशाळा होते. संपल्यावर आपण काय करतो? कोरडी माती खराट्याने झाडतो. त्या बारीक धुळीत सिलिकाही असतं, आणि ती तासन्‌तास हवेत तरंगत राहते. झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. हात नळाखाली न धुता बादलीत धुवा. रात्रभरात गाळ खाली बसतो, वरचं पाणी झाडांना जातं आणि माती पुन्हा वापरता येते. नाहीतर शाळेचं गटार तुंबतं आणि शिपाईमामांचा अख्खा दिवस त्यात जातो. खडू-कोळशाचं चित्र पुसू नये म्हणून मारतात तो फिक्सेटिव्हचा स्प्रे तर बंद खोलीत कधीच मारू नका.

सगळ्याला ‘हो’ म्हणू नका

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती भल्या माणसांकडूनच होते. आषाढीच्या दिंडीला पताका, गणपतीची आरास, शिक्षक दिनाचं फलकलेखन, पाहुणे आले की रांगोळी, स्नेहसंमेलनाचा पडदा. मधेच साधारण सप्टेंबरच्या अखेरीस शासकीय रेखाकला परीक्षा. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्य भूमिती यांची तयारी जुलैपासून, शिवाय फॉर्म आणि फी. या परीक्षेच्या इंटरमिजिएट या वरच्या टप्प्याची श्रेणी दहावीला वाढीव गुण देते, त्यामुळे पालकांचे फोन तेवढ्यासाठीच येतात.

काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका शाळेत असताना, संमेलनाच्या तीन दिवस आधी मला रायगडाचा पडदा सांगितला गेला. तीन रात्री एकटीने रंगवला. चौथ्या दिवशी उजवा अंगठा मिटेना, खडूही धरता येईना. दीड महिना फळ्यावर रेघ ओढता आली नाही. पडदा संमेलनानंतर घडी करून माळ्यावर गेला.

तेव्हापासून जूनच्या पहिल्या शिक्षकसभेत मी एक कागद देते. वर्षातली मोठी कामं, प्रत्येकाला किती दिवस लागतील, सोबत कोण, खर्च किती. अप्पा बळवंत चौकातून कार्डशीट आणि रंग कुणाच्या पैशाने आणायचे, हेही त्यात लिहिलेलं असतं. आयत्या वेळी नवीन काम आलं तर तोच कागद पुढे करून विचारते, ‘यातलं कोणतं काढू?’ भांडण होत नाही, बहुतेकदा काहीतरी निघतंच.

जे मानधनावर आहेत त्यांना असं बोलणं अवघड जातं, हे मला पक्कं ठाऊक आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 नेच सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुलं असलेल्या शाळेत कलेसाठी ‘अंशकालीन निदेशक’ सांगितला, पूर्णवेळ नव्हे. अशांनी निदान तासांव्यतिरिक्त दिलेल्या वेळेची तारीखवार नोंद वहीत ठेवावी. मागणी करायची वेळ आली की हातात काहीतरी असतं.

चित्रकलेचा तास गणिताला देताना

द्यावा लागतो कधीकधी, एकाच इमारतीत राहायचं असतं. पण तोंडी देऊ नका. डायरीत लिहा आणि बदल्यात कोणता तास मिळणार ते त्याच ओळीत लिहून घ्या. मुलांसमोर ‘चालेल, काय फरक पडतो’ म्हणू नका, मुलं ते बरोबर ऐकतात.

झोप उडाली असेल, शाळेच्या फाटकाशी आलं की छातीत धडधडत असेल आणि हे आठवडे चाललं असेल, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मी माझ्या एका सहकारी मॅडमना तो स्वतः लावून दिला होता.

आणि स्वतःचं चित्र थांबवू नका. मी ते सात वर्षं थांबवलं होतं. आता रविवारी सकाळी महात्मा फुले मंडईत जाते, पोस्टकार्डाएवढी वही घेऊन. 1886 सालची ती दगडी इमारत आणि वरचा अष्टकोनी मनोरा मला अजून नीट साधलेला नाही. अंगठा वीस मिनिटांनी दुखायला लागतो, मग थांबते. सोमवारी ती वही टेबलावर उघडी ठेवते. मुलं येऊन पानं उलटतात आणि मनोरा कुठे वाकडा झालाय ते मला दाखवतात.